पदवीदानाचा दिवस

कॉलेजात पदवीदान म्हणून हितेंद्रच्या वडिलांनी, अप्पांनी, सकाळीच इस्त्रीचा शर्ट चढवला. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला हितेंद्र नापास झाला होता. घरी मात्र त्याने पास झालो म्हणून सांगितलं होतं. त्याच्या आईने, मालनने, चाळभर पेढे वाटले होते.

सगळं वर्ष मोबाईलने खाल्लं होतं. पुस्तक उघडायचं, एकच रील बघतो म्हणायचं, आणि मान वर करावी तर खिडकीतलं ऊन गेलेलं. एकदा त्याने फोन आईकडे ठेवायला दिला आणि नोट्स आल्यात अशी थाप मारून तासाभरात परतही घेतला. परीक्षेत तर प्रश्नाच्या दोन ओळीही धड डोक्यात शिरेनात.

लालबागच्या पुलाखाली बसची वाट बघताना त्याने सांगून टाकलं.

"अप्पा, मी पास नाही झालो. खोटं बोललो."

अभ्यास का नाही केलास, एवढंच अप्पांनी विचारलं. फोन बघत बसायचो, हितेंद्र म्हणाला.

"माका वाटला, तू त्याच्यावर लेक्चरां बघतंस," अप्पा हळू म्हणाले. "म्हणान आमी वर्षभर टीव्ही लावूक नाय. तुझी आवस भांडी भायर नेऊन घासी."

बस आली आणि गेली. दोघं घरी परतले. अप्पांनी मालनला सगळं सांगितलं. तिने पान वाढलं. दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हितेंद्रला वाटलं.

त्याने साधा बटणांचा फोन घेतला, परळच्या अभ्यासिकेत जाऊ लागला. तिथेही हात सारखा खिशाकडे जायचा. पुढच्या परीक्षेत एक विषय पुन्हा राहिला. त्यानंतरच्या खेपेला तो विषयही सुटला.

धावत येऊन त्याने मार्कशीट अप्पांच्या पुढे धरली. अप्पांनी ती हातात घेतली नाही. शेजारच्या पूर्वीला हाक मारली.

"जरा मोबाईलवर बघ गो बाय. ह्यां खरां आसा काय?"

ती निकाल शोधत होती तोवर बापलेक एकमेकांकडे न बघता उभे राहिले.