तव्याचे खुरपे

मी एक जुने खुरपे आहे. माझे पाते झिजून अर्धे राहिले आहे. पण मित्रांनो, मी जन्माने खुरपे नव्हे. आधी मी तवा होतो, आणि तोही भाकरीचा नव्हे. माझ्यावर मशेरीसाठी तंबाखू भाजत.

भोर संस्थान अजून होते, तेव्हाची ही गोष्ट. वेल्ह्याच्या वाटेवर एका वाडीत गेनबा आणि त्याची बायको साळूबाई राहत. दारावर आलेल्या घिसाड्याने मला ठोकून घडवले. साळूबाईने मला घरात नेले नाही. मशेरीच्या तव्याला घरातली चूल वर्ज्य. माझी चूल परड्यात, तीन दगडांची.

त्याच परड्यात तंबाखूचा एक वाफा होता. साळूबाई त्याला लेकरासारखे वाढवी. बी धुळीसारखे बारीक, म्हणून राखेत मिसळून पेरायचे. रोपे गुडघ्याला लागली की शेंडे खुडायचे, पानांच्या बगलेतले फुटवे काढायचे. त्या कामाने तिची बोटे चिकट आणि काळी होत. पौषात पाने जाड होऊन त्यांवर पिवळे ठिपके पडले की कापणी. मग पाने उन्हात आणि दवात वाळवायची, ढीग करून पेंढ्याखाली दाबायची आणि पानांना घाम सुटला की उलथायची. चांगली पाने गेनबाच्या चंचीत जात. उरलेला चुरा माझ्यावर येई.

साळूबाई तो चुरा मंद जाळावर काळा होईस्तोवर हलवी. राख होऊ द्यायची नाही आणि कच्चाही ठेवायचा नाही. मग पाट्यावर वाटून फडक्यातून गाळायचा. शेजारची ठकुबाई चिमूटभर मशेरी दाताला लावी आणि म्हणे, "साळूबाय, आमच्या घरची मशेरी म्हंजी निस्ती राख. तुमचा तवाच येगळा."

"ही एकदा देवाचा दिवा इसरंल, पन त्या तव्याची चूल न्हाई," गेनबा ओट्यावरून म्हणे.

"आन तुमची चंची कोन भरतं मग? देव?" साळूबाई विचारी.

अशा बोलण्याने मी फुगून जाई. आपण या घराच्या सुखाचे धनी आहोत, असे मला वाटे.

पुढे साळूबाईची सून बनाबाई हिला मुलगी झाली. तिचे नाव हौसा. नाचणीची काढणी आली, तेव्हा बनाबाई हौसाला साळूबाईजवळ ठेवून शेतावर जाऊ लागली. हौसाला दात येत होते. एका दुपारी पोर झोळीत रडून लाल झाली. मी चुलीवरून नुकताच उतरलो होतो. साळूबाईने तिला घेतले, फिरवले, पण रडे थांबेना.

"माजी दाढ हिनं थांबती, तर तुजं दात का न्हाई थांबायचं," असे म्हणत तिने ताज्या मशेरीचे बोट पोरीच्या हिरडीवर फिरवले.

पोर गप्प झाली. साळूबाई समाधानाने हसली. मित्रांनो, मीही मनात हसलो.

थोड्या वेळाने हौसा ओकली. तिचे अंग गार पडले, कपाळावर घाम आला आणि मान एका बाजूला कलली. साळूबाईची हाक ऐकून बनाबाई हातातला विळा टाकून धावत आली.

"आत्याबाई, काय दिलं हिला?"

"काय न्हाई. आपसूकच झालं."

बनाबाईने पोरीचे तोंड पदराने पुसले. पदर काळा झाला. तिने एकदा पदराकडे पाहिले, एकदा सासूकडे. पोरीला छातीशी धरून ती उंबऱ्यावर बसून राहिली. दिवेलागणीला पोर दूध ओढू लागली, तेव्हा कुठे घरातल्यांनी श्वास सोडला.

दुसऱ्या दिवसापासून बनाबाई हौसाला शेतावर नेऊ लागली. बांधावरच्या झाडाला झोळी बांधी. ऊन असो, वारा असो, पोर सासूच्या हाती देईना. भांडण नाही, टोमणा नाही. त्या न बोलण्याने साळूबाई खंगली. झोळीच्या रिकाम्या कडीकडे बघत बसे.

मग तिने सगळा वाफा उपटला. घिसाडी पुन्हा आला, तेव्हा मला त्याच्यापुढे टाकून म्हणाली, "याचं कायबी कर, पन तवा ठिवू नगंस."

अशा रीतीने मी खुरपे झालो. परड्यात आता भाजी होती. पण तंबाखूचे बी मातीत राहिले होते. दर पावसाळ्यात त्याची रोपे उगवत आणि साळूबाई माझ्याकडून ती काढून टाकी. तरीही बनाबाई पोरीला बरोबरच नेई.

एका वर्षी दोडक्याच्या वेलाआड एक रोप राहिले. साळूबाईने ते पाहिले होते. तिची दाढ ठणकत होती आणि जीव मशेरीला आसुसला होता. ती त्याच्या भोवतीने खुरपत राही, त्याला धक्का लावीत नसे. मीही निमूट वळसा घेई. रोप हातभर वाढले.

एक दिवस हौसाला कडेवर घेऊन शेतावर निघालेली बनाबाई वेलापाशी थांबली.

"ह्ये चुकून ऱ्हायलं बग," साळूबाई घाईने म्हणाली. मग तिचा हात माझ्या मुठीवर आवळला. "न्हाई बने. चुकून न्हाई. म्याच ठिवलं. आन त्या दिशी बोटबी म्याच लावलं हुतं. मी खोटं बोलले."

"ठावं हाय मला," बनाबाई म्हणाली. "तुमी कवा म्हनताय, त्येचीच वाट बगत हुते."

साळूबाईने मला मातीत खोल रोवले. रोप मुळासकट निघाले.

बनाबाईने पोरीला कडेवरून उतरवून सासूपुढे ठेवले. "चुलीवर पेज हाय. आदी फुंकून गार करा. पोरगी लई घाई करती."

हौसा आता मोठी झाली आहे. मी तिच्याच हातात असतो. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे जुने खुरपे असेल, तर त्याला खुंटीवर टांगून ठेवू नका. पावसाळा आला की परड्यातून एकदा फिरवा, वेलाच्या आडही बघा. ते बी फार बारीक असते. आपण सगळे उपटले असे वाटते, आणि एखादे रोप आपणच ठेवलेले असते.