हरणी हंड्यातलं पाणी पिते

महाशिवरात्रीच्या व्याधाची गोष्ट कशेळ्यात फिरत्या सिनेमाच्या तंबूत तीन वेगवेगळ्या चित्रपटांतून येऊन गेली होती, आणि गावात त्यावरून तीन तट पडले होते. हिरूच्या चुलतभावाला, गजाला, रंगीत आवडे. त्यातला शंकर निळाशार होता. हरणी म्हणजे ठिपके रंगवलेली शेळी होती, हे मात्र तो मान्य करत नसे. मोहोपाड्याला कारखान्यात लागलेल्यांना दुसरा आवडे. त्यातल्या व्याधाच्या मनगटावर घड्याळाचा गोरा पट्टा उमटलेला होता, त्यामुळे तो त्यांना आपल्यातला वाटे.

हिरूचा जीव जुन्या काळ्या-पांढऱ्यावर. व्याध बेलावर बसून नकळत पिंडीवर पानं टाकतो, हरणी पिल्लांना भेटून परत येण्याचा शब्द देऊन जाते, इथवर तिन्ही सारखेच. पण हिरूच्या चित्रपटात हरणी परतते ती झाडाखाली नव्हे. ती थेट व्याधाच्या घरी जाते, दारातल्या हंड्यातलं पाणी पिते आणि उंबऱ्याशी त्याची वाट बघत बसते. हंड्यात चांदण्या हलत राहतात. इतकं सुंदर हिरूने जन्मात दुसरं काही पाहिलं नव्हतं. अडचण एवढीच, की ते दुसऱ्या कुणीच पाहिलं नव्हतं.

"झोपला व्हतास तू," गजा म्हणे. "उपास धरून जागरणाला बसलास आन् घोरलास. महादेवाच्या म्होरं."

"जागा व्हतो रं मी."

यंदा तोच चित्रपट पुन्हा आला. हरणी पाणी प्यायली नाही, तर झोपलो होतो असं चारचौघांत कबूल करीन, असं हिरू बोलून बसला. झोप येऊ नये म्हणून त्याने उपासाची रताळीसुद्धा अर्धपोटीच खाल्ली.

हरणी परतली. झाडाखालीच आली. पिल्लांसकट आभाळात गेली, तारा झाली. दिवे लागले.

"पानी कुटं हाय रं?" गजाने विचारलं.

"झोपलो व्हतो," हिरू म्हणाला. तंबू मनापासून हसला.

घरच्या वाटेवर बायको, आवडी, कंदील घेऊन पुढे चालत होती.

"अवो, तवा पिली व्हती ती," ती म्हणाली.

"गप गं. समजूत नको घालू."

"हंड्याच्या काठाला पोचा व्हता. तिचं तोंड लागलं, तवा वाजला."

हिरू जागीच थांबला. पोच्याचं त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. व्याधाच्या दारात आपल्याच घरचा हंडा होता, हे लोकांना सांगायचं तरी कसं? त्या वेळी दोराच्या पलीकडे, बायकांत बसलेली आवडी जागी होती की झोपलेली, हे विचारावंसं त्याला फार वाटलं.

"मग तंबूत का नाय बोललीस?"

"तुमालाच घाई कबूल करायची."

घरी आल्यावर त्याने हात-पाय धुतले. हंड्यावर झाकण घालू नकोस, असं सांगायला तो वळला. आवडीने हंडा दारात नेऊन ठेवला होता, झाकणाशिवायच, आणि ती उंबऱ्याशी जरा सरकून बसली होती.