बारा पेन्सिलींच्या चोवीस

बा गेले त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, त्यांचा फोन आला.

"छोरी, मोकळी आहेस का? गाडी लागेल."

"कुठे जायचंय?"

"शेजारच्या एस्पेरांसकडे शाळेच्या याद्या आल्यात. तीन पोरं, तीन याद्या. सकाळपासून ती त्या कागदांकडे कोर्टाची नोटीस आल्यासारखी बघतेय."

अमेरिकेतल्या अक्रन शहरात, आमच्या नॉर्थ हिल भागात ऑगस्ट आला की हे व्हायचंच. शाळेच्या सामानाची यादी एखाद्या नव्या घरात पोचली की ते घर बांच्या दारात यायचं. सुरुवातीला आमचेच लोक असत, भूतानमधून हाकलले गेलेले आणि नेपाळच्या छावण्यांमधून इथे आणून वसवलेले. मग ब्रह्मदेशातले आले, आता काँगोचे येतात. बांनी गुडघ्यांपायी हॉटेलच्या धोबीखान्यातली नोकरी सोडली, तेव्हापासून तर हे त्यांचं हक्काचं काम झालं होतं.

दुकानात गर्दी होती. एस्पेरांसने यादीवर बोट ठेवलं. "मिस्टर खडा, नाक पुसायच्या कागदांची चार खोकी? माझ्या मुलांना सर्दी नाही."

"होईल. शाळेला खात्री आहे," बा म्हणाले. त्यांचं इंग्रजी आता सोळा वर्षांचं झालं होतं, संथ आणि स्पष्ट. "आणि नाही झाली, तर दुसऱ्या पोरांना होईल. इथे एकाचं नाक सगळ्यांचं असतं."

ती हसली. पेन्सिलींच्या फळीपुढे मात्र बा थांबले. ते थांबणार हे मला माहीत होतं. त्यांनी चोवीसचं पाकीट उचलून तिच्या हातात दिलं.

"या अख्ख्याच द्यायच्या हं. मी काय केलं होतं, सांगू? चोवीस लिहिल्या होत्या. मी बारा घेतल्या आणि घरी जाऊन सगळ्या कापल्या. बाराच्या चोवीस!"

"देवा! मग?"

"मग काय, हिच्या बाईंनी त्या मगात घालून खिडकीत ठेवल्या. फुलं ठेवतात तशा."

एस्पेरांस पोट धरून हसली. मी ढकलगाडी पुढे नेली. ही गोष्ट बा दर ऑगस्टला कुणाला ना कुणाला सांगत आणि दर वेळी त्या मगापाशी येऊन थांबत. त्यापुढचं त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. त्यापुढचं माझं होतं.

परतताना बा माझ्या शेजारी बसले होते. एस्पेरांसला घरी सोडलं, मग आम्ही दोघंच गाडीत होतो. घर जेमतेम पन्नास पावलांवर, पण बा लगेच उतरले नाहीत. "दमलीस?" त्यांनी विचारलं. मी "नाही" म्हटलं. बोलायला एवढी जागा पुरेशी होती. मी घड्याळाकडे पाहिलं. "आमाला सांग, मी येते सोमवारी." ते गुडघ्यावर हात दाबत उतरले.

रविवारी सकाळी परसात भोपळ्याचे कोवळे शेंडे खुडताना ते खाली बसले. आमा, माझी आई, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, बुटाची नाडी बांधायला बसले असतील.

*

आम्ही इथे आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. जूनमध्ये आलो आणि ऑगस्टमध्ये यादी आली. बांनी ती टेबलावर पसरली आणि चष्मा पुसला. छावणीतल्या शाळेत अकरा वर्षं ते पहिली-दुसरीला शिकवत होते. छावणीत त्यांना खडानंद तिमसिना म्हणून कुणी ओळखत नसे, सगळ्यांचे ते 'सर' होते. मीही दोन वर्षं त्यांच्याच वर्गात बसले होते, आणि शाळेत मीही त्यांना सरच म्हणायचे.

छावणीत सामान वरून यायचं आणि नेहमी कमी यायचं. त्यामुळे पेन्सिल अर्धी मिळे. कापायचं काम बांचं. ते ब्लेडने पेन्सिलीभोवती गोल खाच पाडत, दोन्ही अंगठे टेकवून ती मोडत, आणि मोडलेलं टोक मेणबत्तीच्या वितळलेल्या मेणात बुडवत, म्हणजे शिसं मागून निसटत नसे. रजिस्टरमध्ये त्या अर्धीची नोंद 'पेन्सिल, एक' अशीच होत असे. ती करंगळीएवढी झाली की त्यांना दाखवायची, मगच दुसरी. अख्खी पेन्सिल मी तोवर फक्त त्यांच्या हातात पाहिली होती, कापण्याआधी.

"चोवीस," ते यादी वाचत म्हणाले. "टोक काढलेल्या. चौथीच्या एका मुलीला, एका वर्षाला. म्हणजे या अर्ध्या धरल्यात."

"तसं लिहिलंय का?" आमाने विचारलं.

"लिहायला कशाला हवं? कुठल्याही मास्तरला कळेल. अख्ख्या चोवीस पेन्सिली काय हिने शेकोटी करायला न्यायच्यात?"

"पण निर्वासितांच्या कचेरीने सामानासाठी पैशांचं कार्ड दिलंय ना? घ्या की चोवीस. इथे कोण बसलंय तुमचं रजिस्टर तपासायला?"

"कुणी तपासत नाही म्हणूनच," बा म्हणाले. आमाने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. "सर झाले सुरू," ती पुटपुटली.

दुकानात गोंदाच्या कांड्या सापडत नव्हत्या. बांनी तिथल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "सॉरी?" त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा "सॉरी?" तिसऱ्यांदा तिने त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, तिला लगेच कळलं. विमानतळापासून हे असंच चाललं होतं. बांना लोकांचं बरंच कळायचं, लोकांना बांचं कळत नव्हतं. त्या दिवसानंतर दुकानात, दवाखान्यात, कचेरीत ते आमच्या भाषेत माझ्याशी बोलत आणि मी पुढे सांगत असे. मला त्याचा गर्व होता. हेही लिहून ठेवायला हवं.

घरी आल्यावर ते सगळी दुपार पेन्सिली कापत बसले. चोवीस अर्ध्या, चोवीस टोकं, चोवीस मेणाच्या टोप्या. मला त्या फार सुंदर वाटल्या होत्या.

शाळेच्या पहिल्या दिवशी कळलं की आणलेलं सामान आपलं राहत नाही. मिसेस रिनाल्डींनी टेबलावर टोपल्या मांडल्या होत्या. गोंद निळ्या टोपलीत, कात्र्या हिरव्या, पेन्सिली लाल. सगळ्यांचं सगळ्यांत. मी माझ्या पेन्सिली ओतल्या आणि जागेवर जाऊन बसले. लांब पिवळ्या पेन्सिलींच्या ढिगात त्या लगेच दिसत होत्या.

"ई! या कुणाच्या कुत्र्याने चावल्यात?" ब्रिआना नावाची मुलगी म्हणाली.

वर्ग हसला. मीही हसले. मिसेस रिनाल्डींनी कुणालाच काही विचारलं नाही. त्यांनी त्या वेचून एका मगात घातल्या आणि तो मग खिडकीत ठेवला. पेन्सिल हरवली की मुलांना त्या मगातली घ्यावी लागे. 'कुत्र्याची पेन्सिल' असं तिचं नाव पडलं. मी माझी पेन्सिल महिनाभर कधी हरवू दिली नाही.

सप्टेंबरमध्ये संध्याकाळी पालकांना शाळेत बोलावलं होतं. आमाची पाळी होती, पॅकिंगच्या कारखान्यात. बा आले. त्यांनी चर्चने दिलेला तपकिरी कोट घातला होता आणि डोक्यावर नेपाळी ढाका टोपी. रस्ताभर मी त्यांच्यापुढे दोन पावलं चालत होते. टोपी काढा, असं म्हणायला तीनदा तोंड उघडलं, पण म्हटलं नाही.

वर्गात गेल्या गेल्या त्यांनी तो मग पाहिला. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

"बघ," ते मला म्हणाले, "वेगळ्या काढून ठेवल्यात. मास्तरला मास्तरची कदर असते."

मिसेस रिनाल्डींनी हात पुढे केला. आमच्या मागे ब्रिआना आपल्या आईबरोबर उभी होती. तिचा नंबर नंतरचा होता. ती टोपीकडे बघत होती.

बांनी हात जोडले, मग घाईने हात मिळवला. आणि माझ्याकडे वळून बोलू लागले. त्यांनी हे घरून ठरवून आणलं असावं, कारण ते न अडखळता बोलत होते.

"बाईंना सांग, या पेन्सिली मी कापल्यात. म्हणावं, मीसुद्धा शिक्षक आहे. अकरा वर्षं लहान मुलांना शिकवलंय. तुमच्याकडे आमच्या छावणीतली आणखी पोरं येतील, ती सुरुवातीला बोलणार नाहीत, घाबरतील. मी सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांच्याजवळ बसेन. वह्या तपासेन. पैसे नकोत. तुम्ही फक्त बोलवा."

मिसेस रिनाल्डी माझ्याकडे बघत वाट पाहत होत्या. ब्रिआनाही. पेन्सिली कुणी कापल्या ते आता माझ्या तोंडून बाहेर पडणार होतं.

मी म्हणाले, "माझे वडील विचारताहेत, टॉयलेटला जाऊ का?"

"अहो, जा ना!" मिसेस रिनाल्डी म्हणाल्या. "चला, मी दाखवते."

बा माझ्याकडे बघत होते.

छावणीत त्यांच्या वर्गातून हे वाक्य इंग्रजीत म्हटल्याखेरीज कुणालाही बाहेर जायला मिळत नसे. 'मे आय गो टू टॉयलेट, सर?' लहान पोरं पाय आवळून उभी राहायची आणि ते म्हणायचे, "पूर्ण वाक्य." मी ते सहा वर्षांची असताना त्यांच्यासमोर उभं राहून पाठ केलं होतं. माझ्या इंग्रजीचं ते पहिलं अख्खं वाक्य.

त्यांनी कोट सारखा केला आणि ते मिसेस रिनाल्डींच्या मागोमाग व्हरांड्यातून चालू लागले. त्या दाराशी थांबल्या, हात करून दाखवलं, आणि बा त्या लहान मुलांच्या शौचालयात गेले. तिथली बेसिनं त्यांच्या मांडीएवढ्या उंचीची होती. नळ वाजला. आत जाण्याची गरज नसलेला माणूस जेवढा वेळ आत थांबायला हवा, मोजून तेवढाच वेळ ते थांबले. मग रुमालाला हात पुसत बाहेर आले आणि मिसेस रिनाल्डींना इंग्रजीत म्हणाले, "थँक यू, मॅडम." तेवढं त्यांना कळलं.

रस्त्यात मी मागे चालत होते. घर आलं तेव्हा ते म्हणाले, "बाई चांगल्या आहेत तुझ्या."

आठवड्याने माझ्या दप्तरात चोवीस अख्ख्या पेन्सिलींचं पाकीट होतं. त्याच सुमारास आमच्यातल्या कुणी 'सर' म्हणून हाक मारली की ते हसून म्हणू लागले, "ते छावणीत राहिले. मी खडानंद." पुढच्या पालक-संध्याकाळी आमा आली आणि त्यानंतर दर वर्षी आमाच.

मी सतरा वर्षांची झाले तेव्हा आमा एकदा कांदा चिरता चिरता सहज बोलून गेली. त्या सप्टेंबरात कचेरीतल्या बाईने बांना सांगितलं होतं, की आपल्या मुलांना धीर द्यायला शाळेला एक मदतनीस हवाय, वर्गशिक्षिकेशी बोलून ठेवा. "ते बोलून आले होते ना, तुला घेऊन? त्या बाईनेच नको म्हटलं असणार." मी हो म्हणाले. विळीवर कांदा होता, त्यामुळे डोळ्यांचं कुणाला काही वाटलं नाही.

आता मी दवाखान्यात दुभाषी आहे. या कामाच्या पहिल्या दिवशी आम्ही लिहून देतो, की समोरचा जे बोलेल त्यात काही घालणार नाही आणि काही गाळणार नाही. आठ तास मी परक्या माणसांची वाक्यं जशीच्या तशी पोचवते. घरी जाऊन बांना फोन करते, भोपळ्याबद्दल बोलते.

*

सोमवारी मी आमाकडे जाणार होते. गेले, पण तिला घेऊन अंत्यविधीवाल्यांच्या ऑफिसात. अग्नी द्यायला काकांचा मुलगा पिट्सबर्गहून निघाला होता. मृत्यूच्या दाखल्याची माहिती मात्र आम्हालाच द्यायची होती. तिथला माणूस वयस्कर होता, हळू आवाजात विचारत होता. आमा माझ्या बाजूला, शालीचा पदर मुठीत धरून.

पूर्ण नाव. जन्मतारीख. जन्मस्थान, चिरांग, भूतान. वडिलांचं नाव. मी सांगत गेले, तो लिहीत गेला.

"आयुष्यात मुख्यतः कोणतं काम केलं त्यांनी?"

मी आमाला आमच्या भाषेत विचारलं. कामाची सवय.

"हॉटेलचा धोबीखाना सांग," आमा म्हणाली. "चौदा वर्षं. एकदाही उशिरा गेले नाहीत, तेही सांग. मॅनेजर चांगला होता, त्याचं नाव लिहितात का विचार."

त्या माणसाने पेन टेकवून माझ्याकडे पाहिलं. आमाने सांगितलेलं मला जसंच्या तसं पोचवायचं होतं.

"शिक्षक," मी म्हणाले.

आमाला तेवढा शब्द कळला. तिने माझ्याकडे मान वळवली. "काय सांगितलंस तू?"

"बरं," तो माणूस म्हणाला. "कुठल्या शाळेत?"

मला बसून बोलता येईना. मी उठले. वाक्य माझ्याकडे सोळा वर्षं तयार होतं.

"माझे वडील म्हणताहेत," मी त्याला म्हणाले, "की त्या पेन्सिली त्यांनी कापल्यात. ते म्हणताहेत, मीसुद्धा शिक्षक आहे. अकरा वर्षं लहान मुलांना शिकवलंय. आमच्या छावणीतली आणखी पोरं तुमच्याकडे येतील, ती सुरुवातीला बोलणार नाहीत, घाबरतील. ते येऊन त्यांच्याजवळ बसतील. वह्या तपासतील. पैसे नकोत, म्हणताहेत. तुम्ही फक्त बोलवा."