सुलटा केलेला सिनेमा

"आईंनी तो सिनेमा अथपासून इतिपर्यंत बघितला, तरच मी चहात साखर घालीन," असा नवस माझी मालकीण सासूबाईंसाठी बोलली, तेव्हा मी कपाटात चादरींखाली पडलो होतो. मी या घरातला जुना लॅपटॉप. पुढचं मीच सांगतो.

कारखान्यातून निघालो तो थेट मालकिणीच्या मुलीच्या टेबलावर आलो. चार वर्षं तिने माझ्यावर अभ्यास केला. नोकरी लागली, ती परगावी गेली, नवा लॅपटॉप आला. माझी एक कळ निखळलेली, बॅटरी नावापुरती. टाकवत नाही म्हणून ठेवलेलं सामान, तसा मी.

आजींचा, म्हणजे मालकिणीच्या सासूबाईंचा, एक लाडका सिनेमा होता. बंदरावर चोरट्या मालाचा धंदा करणाऱ्या दोन भावांची तीन भागांतली गोष्ट. आजोबा होते तेव्हा दोघांनी थिएटरात बघितलेली. पण आता आजींची आठवण विरत चाललेली, आणि त्या सिनेमात काळ सारखा मागे-पुढे उड्या मारायचा. पहिल्या भागात थोरला भाऊ मरतो, दुसऱ्यात तोच तरुण होऊन होडी रंगवत बसतो.

"मेलेला माणूस परत कसा आला रे?" घरी टीव्हीवर तो लावला तेव्हा आजींनी विचारलं.

"रजेवर गेला होता, आई!" मालक म्हणाले. सगळे हसले.

आजी उठल्या. "सिनेमा उलटा घातलाय कुणीतरी. शिवण दिसतेय," एवढंच म्हणून खोलीत गेल्या. त्यानंतर त्या बैठकीत येईनात. जेवणही तिकडेच.

मालकिणीच्या ते जिव्हारी लागलं. आजींनी जन्मभर शिवणकाम केलेलं, त्यांचा शब्द पोकळ नसायचा. उलटा आहे ना, मग घडलं त्या क्रमाने लावून सुलटा करू! तिने मला काढलं, पुसलं, हात जोडले आणि चार्जर लावला.

मुलगी फोनवरून शिकवायची. "आई, तुकडा काप, उचल, आधीच्या जागी ठेव."

"म्हणजे उसवून परत शिवायचं. मग सरळ तसं सांग की!"

रोज दुपारी भांडी आवरली की ती बसायची. मी तापायचो, मध्येच मान टाकायचो. ती माझ्यावर पंखा सोडायची आणि तोंड वाकडं न करता बिनसाखरेचा चहा प्यायची.

"काय दिग्दर्शकबाई, आज किती जणांना मारलंत?" मालक चिडवायचे.

"कुणालाच नाही. सगळ्यांना वेळेवर मरायला ठेवलंय."

सात महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, मला टीव्हीला जोडलं. मालकांनी आजींना हाताला धरून आणलं. थोरल्या भावाने होडी रंगवली, लग्न केलं. आजी नुसत्या बघत होत्या. मालकिणीचा जीव टांगणीला. आणि एकदम आजी कडाडल्या, "थांबव! इथे टाका चुकलाय. याच्या हाताला पट्टी कशी? चाकू लागलाच नाही अजून!"

मालक ओरडलेच, "आई, तुला कळतंय!"

"न कळायला काय झालं? सुनेनं नीट शिवलंय. एवढी एक बाही उलटी लागलीय."

मालकिणीने हसत, रडत तिथल्या तिथे तो तुकडा हलवला. मी एकदाही अडकलो नाही! संध्याकाळपर्यंत तिन्ही भाग झाले. थोरला मेला तेव्हा आजींनी डोळ्यांना पदर लावला. "थिएटरात यांनाही इथेच रडू आलं होतं," म्हणाल्या. मग स्वतः उठून त्यांनी सुनेच्या कपात दोन चमचे साखर घातली.

आता माझी बॅटरी पार गेली, वायरीशिवाय उठत नाही. पण जागा बैठकीत, मधोमध. आजी शेजारी बसतात आणि दुसऱ्या एका सिनेमातले चुकलेले टाके दाखवतात.

तुमच्याही घरातून कुणी गोष्ट अर्धी टाकून उठून जात असेल, तर हसू नका. त्याच्यासाठी एखादा नवस बोला. देव पाठीशी असतोच, बटणं तेवढी आपण दाबायची. बोलाल ना?