गडगडेसाहेबांचा कोट

मी एक जुना, काळा, बंद गळ्याचा कोट आहे. मित्रांनो, माझ्या कोपराला कसर लागली आहे, काही गुंड्या कधीच गळून गेल्या आहेत आणि आतले तांबडे अस्तर दोरे सोडू लागले आहे. तरी कॉलर अजून ताठ आहे, आणि ती ताठ राहण्यासारखेच आयुष्य मी काढले आहे. मी मोठमोठ्या सभांचे अध्यक्षपद भूषवले आहे. ज्या संघाचा मी चेअरमन होतो तो संघ जगात कुठेच नव्हता, हा भाग वेगळा.

माझा जन्म उमरग्याचा. हमरस्त्याला लागून कल्याणप्पा टेलरचे दुकान होते. हैदराबादकडे जाणारे ट्रक धडधडत गेले की कात्रीसकट सगळे दुकान हलायचे. अशा ठिकाणी कल्याणप्पांनी मला मन लावून शिवले, कारण माझे गिऱ्हाईकही तसेच तालेवार होते. त्यांचे नाव हिंमतराव. गावच्या सोसायटीची निवडणूक लागली होती आणि हिंमतराव चेअरमन होण्यासाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. निकालाआधीच त्यांनी उंची कापड आणून टाकले आणि माप देताना पोट आणखी पुढे काढून बजावले, "सैल ठेवा कल्याणप्पा. चेअरमन झाल्यावर माणूस सुटतंय."

मी तयार झालो आणि हिंमतराव पडले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशी गत. ते काही मला न्यायला आले नाहीत. मी खुंटीवर राहिलो. माझ्या शेजारी ड्रायव्हर लोकांच्या विजारी यायच्या, जायच्या. माझी इस्त्री मात्र कुणी मोडत नव्हते. कोटाला यापेक्षा मोठे दुःख नाही, मित्रांनो.

मग एके दिवशी पिराजी माकणीकर दुकानात आले.

हे नाव तेव्हा उमरग्यापासून भूमपर्यंत कोणाला ठाऊक नव्हते? चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांना न्यायला गावोगावच्या गाड्या यायच्या. पेटीवर बोटे ठेवून त्यांनी पहिली तान घेतली की बाया अर्धी भाकर तव्यावर टाकून बाहेर यायच्या. माणूस स्वतः मात्र भिडस्त. गाण्यात सिंह आणि बोलण्यात शेळी, असे त्यांची बायको मथुराबाई हसत हसत सांगायची. त्या दिवशी पेटीचा भाता फाटला होता, तो शिवून घ्यायला ते आले होते. कल्याणप्पा भाता शिवत होते तोवर पिराजींची नजर माझ्यावर गेली.

"घालून बघू का?" त्यांनी विचारले.

बाह्या त्यांच्या बोटांच्या खाली आल्या. आत आणखी एक पिराजी मावला असता. पण काय झाले कोण जाणे, त्यांनी पोट पुढे काढले, अंगठे खिशात अडकवले, घसा खाकरला आणि भलत्याच भरदार आवाजात सुरुवात केली. "सभासद बंधूंनो आणि भगिनींनो! मी चेअरमन गडगडे. ढगांच्या खरेदी-विक्री संघाच्या वतीनं आपलं स्वागत करतो. पाऊस मंजूर झालेला हाय. फक्त पडायचा राहिलाय!"

कल्याणप्पा इतके हसले की त्यांच्या बोटातले अंगुस्तान घरंगळत मशीनखाली गेले. डोळे पुसत ते कानडी-मराठीत म्हणाले, "तगो, तगो! घिऊन जा पिराजी. ज्याचा कोट व्हता त्यो आज घावला."

अशा रीतीने मला अंग मिळाले आणि गडगडेसाहेबांना मी मिळालो. पिराजींच्या कार्यक्रमात मधेच ते अवतरू लागले. पिराजी पेटी सोडून उठायचे, पाठमोरे होऊन मला चढवायचे आणि वळायचे ते दुसरेच माणूस होऊन. चाल वेगळी, आवाज वेगळा, हसणे वेगळे. ढोलकीवर त्यांचा मेहुणा मच्छिंद्र असायचा. तोसुद्धा "साहेब, साहेब" करत वाकायचा. जे बोलायला पिराजींची जीभ जड व्हायची ते गडगडेसाहेब खुशाल बोलून टाकायचे, आणि ज्याच्यावर बोलणे असायचे तोच पहिल्या रांगेत पोट धरून हसायचा. मला तर वाटायचे, हे सगळे माझेच कर्तृत्व आहे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ उघडे पडले, गुरे दावणीला बसली ती उठेनात. माकणीच्या शिवारात पाझर तलावाचे सरकारी काम निघाले आणि सगळा मुलूख तिथे लोटला. जमीनवाले, बिनजमीनवाले, सगळ्यांच्या डोक्यावर तीच पाटी आणि पोटात तीच मिलोची, रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकर. पिराजी, मथुराबाई, मच्छिंद्र आणि त्यांची सारी बौद्ध वस्ती खडी फोडत होती. मीही तिथेच, बाभळीच्या फांदीला, पेटीच्या फडक्यात गुंडाळलेला. दुपारच्या सुट्टीत लोक म्हणायचे, "गडगडेसाहेबाला बोलवा की!" मग भर उन्हात मी पिराजींच्या अंगावर चढायचो आणि ते गाऊ लागायचे,

"आभाळाचा ठराव झाला, ढगाचीबी सही झाली,
पावसाची वाट बघा, फाईल त्याची वर गेली!"

कोरडे पडलेले ओठ हसायचे. हसताना ते फुटायचे, तरी हसायचे. हा मान कुठल्या रेशमी शेरवानीला मिळाला असेल, सांगा पाहू!

पण एक गोष्ट मला खुपायची. कामावर पाण्याचे एक टिपाड, म्हणजे लोखंडी पिंप, होते. बैलगाडीतून पाणी यायचे ते त्यात भरायचे. शेतकऱ्यांच्या बाया-माणसे तांब्या बुडवून प्यायची. पिराजींच्या वस्तीला मात्र तांब्याला हात लावायची मुभा नव्हती. त्यांनी ओंजळ धरायची आणि दुसऱ्याने वरून ओतायचे. पिराजींचे गाणे सगळ्यांच्या कानाला चालायचे, हात तेवढा तांब्याला चालायचा नाही. कोणी कुरकुर केलीच तर मुकादम बलभीम म्हणायचा, "पटत नसंल तर सांगा. हजेरीवरचं नाव कमी करू." त्या साली हजेरीवरचे नाव कमी होणे म्हणजे चूल बंद होणे. जन्मभर समतेची गाणी गाणारे पिराजी मान खाली घालून ओंजळ धरायचे. त्या वेळी फांदीवरून, फडक्याच्या फटीतून बघताना मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

वस्तीत बनाबाई नावाची म्हातारी होती. सगळे तिला आत्या म्हणत. खडी फोडून तिचे तळहात फुटले होते, बोटे वाकडी झाली होती. तिची ओंजळ जुळेना. त्या दिवशी पाणी ओतायला सत्यभामा होती, मळेवाल्यांच्या घरची. तिने ओतले ते सगळे बनाबाईच्या बोटांमधून मातीत गेले. पुन्हा ओतले, पुन्हा गेले.

"आत्याबाई, सांडू नका वं. पाणी का फुकट हाय?" सत्यभामा म्हणाली. ती वाईट नव्हती, पण पिढ्यान्‌पिढ्या जे पाहिले तेच करत होती.

बनाबाई ओले हात ओठांना लावून तशीच पाटीकडे वळली. पिराजींनी ते पाहिले. त्या दिवशी त्यांनी भाकरी खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोणी म्हणायच्या आत त्यांनी मला अंगात चढवले. गडगडेसाहेबांनी सर्वसाधारण सभा भरवली. लोक दगडांवर बसले. बलभीमही बिडी पेटवून पुढे बसला.

"सभासद बंधूंनो," साहेब गरजले, "आपल्या संघाचं पाणी वरनं पडतं, हे कबूल. पण ते ढगातनं! तळ्याच्या कामावर टिपाडातलं पाणी वरनं पडतंय, अशी तक्रार आलीया. टिपाड काय ढग हाय का? चेअरमन सोता तपासणी करणार!"

हशा पिकला. त्या हशातच साहेब डुलत डुलत टिपाडापाशी गेले, तांब्या उचलला आणि बुडवला. माझी लांब बाही कोपरापर्यंत पाण्यात गेली. गार पाणी अस्तरात शिरले आणि माझा धागा न्‌ धागा शहारला. साहेब घटाघट प्याले, मिशा नसताना मिशा पुसल्या आणि म्हणाले, "पाणी उत्तम हाय. सभासदांना हरकत न्हाय."

बलभीमची बिडी ओठातच राहिली. तेवढ्यात बनाबाई उठली. "म्याबी सभासद हाय, साहेब," ती म्हणाली. चेअरमनने तांब्या तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून प्याली. मग वस्तीतली एकेक बाई, एकेक बाप्या, "मी सभासद", "मी सभासद" म्हणत आला. हसू कधी थांबले ते कळलेच नाही.

सकाळी बलभीमने वस्तीतल्या एकाचेही नाव पुकारले नाही. सगळे बांधावर बसून राहिले. मथुराबाईने रिकामी पाटी पालथी घातली. दुपारी जीप आली आणि कामावरचे मोठे साहेब उतरले. पिराजींनी सकाळपासून मला अंगातून काढले नव्हते. आत घामाची धार लागली होती.

बलभीमने सगळी हकिकत सांगितली. मोठे साहेब ऐकत राहिले आणि मग मोकळेपणाने हसले.

"म्हणजे नाटकात पाणी प्यायले? अहो, मग एवढं काय घेऊन बसलात? नाटकातल्या राजाला कोणी खरं राज्य देतं का? झाली गंमत, संपली. घ्या सगळ्यांची हजेरी, आणि उद्यापासून आहे तसं चालू द्या."

बांधावरच्या लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. चूल वाचली होती. मी तर फुगूनच गेलो. मीच सगळ्यांना वाचवले की नाही? पण पिराजींचे बोट माझ्या गळ्याच्या गुंडीवर आले. त्यांनी ती सोडली. मग तिच्या खालची, मग तिच्याही खालची. भर सभेत त्यांनी मला कधीच उतरवले नव्हते. मला लाज वाटली, राग आला. त्यांनी मला बनाबाईच्या हातावर ठेवले आणि फाटक्या बंडीवर मोठ्या साहेबांपुढे उभे राहिले. आवाज त्यांचा स्वतःचा होता, भिडस्त, थोडा कापरा.

"साहेब, गडगडे म्हणून कुणी न्हाय. त्यो म्याच घडवला. नाटकात प्यालो म्हणून सोडता, तर आमच्या आत्यानं उद्या परत ओंजळ धरायची का? काल चेअरमन प्याला आसंल. आज पिराजी पितोय. कमी करायचं तर पिराजीचं नाव कमी करा."

"दाजी, ऱ्हाऊ द्या," मच्छिंद्र हळूच म्हणाला. पण पिराजी टिपाडाकडे निघाले होते. या वेळी कोणी हसत नव्हते. त्यांनी तांब्या बुडवला आणि उभ्याने प्याले. पाणी हनुवटीवरून बंडीवर उतरले. बनाबाईने मला उराशी घट्ट धरले.

तेवढ्यात सत्यभामा पुढे आली. तिने पिराजींच्या हातातला तांब्या घेतला. घासला नाही, विसळला नाही. तसाच बुडवला आणि तोंडाला लावला. पदराने ओठ टिपून ती म्हणाली, "ऊन लई झालंय, बलभीमभाऊ. हजेरी घ्या की."

मोठे साहेब जीपकडे वळले. मग बलभीमला एवढेच म्हणाले, "पाणी ओतायला उद्यापासून कोणी लागणार नाही." त्या दिवशी बलभीमने पहिले नाव पुकारले ते पिराजींचे.

पुढे पाऊस झाला, तळे भरले, गावोगाव दुधाच्या सोसायट्या निघाल्या. त्यांच्या उद्घाटनाला गडगडेसाहेबांना मानाने बोलावणे यायचे. एका सोसायटीचे खरेखुरे चेअरमन होते हिंमतराव! एकदाचे निवडून आले होते. त्यांनी मला निरखून पाहिले आणि म्हणाले, "पिराजी, हे कापड कुठंतरी बघितल्यावाणी वाटतंय." मग त्यांनाच आठवले, आणि सगळ्या मंडपात सर्वांत मोठ्याने तेच हसले. खुर्ची त्यांना मिळाली होती, पण कोट माझाच, म्हणजे पिराजींचाच, राहिला.

टिपाडाच्या गंजाची एक तपकिरी रेघ माझ्या उजव्या बाहीवर उमटली होती. मथुराबाईने रिठे भिजवले तेव्हा पिराजींनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. ती चेअरमनची सही हाय."

आता पिराजी नाहीत. मी विहारातल्या लाकडी कपाटात असतो. मच्छिंद्रचे केस पांढरे झाले आहेत. तो अधूनमधून मला ऊन दाखवतो आणि घडीत कडुलिंबाचा पाला ठेवतो. नवी मंडळी म्हणतात, कोट धुऊन काचेत लावू या. मित्रांनो, एवढे मात्र करू नका. मला काच नको, अंग हवे. जे बोलायला भीती वाटते ते बोलण्यासाठी मला खुशाल घाला, पोट पुढे काढा, लोकांना हसवा. कसर लागली तर ठिगळ लावा. बाहीवरची रेघ तेवढी पुसू नका.

आणि तहान खरी असली, तर मला काढून कुणाच्या तरी हातावर ठेवा आणि स्वतःच्या नावाने पुढे व्हा. मला राग येणार नाही. एवढ्या सभा मी गाजवल्या, पण माझी कॉलर सर्वांत ताठ झाली ती त्या दुपारी, जेव्हा मी पिराजींच्या अंगावर नव्हतो.