फाटका आवाज

"स्पीकर फाटलाय तुझा," दुकानाची पायरी चढता चढताच प्रसेनजीत म्हणाला.

जोतीराम एक टेपरेकॉर्डर उघडून बसला होता. मान वर न करताच तो हसला. "फाटला न्हाय लेका. ती गिटार हाय. मुद्दाम तसं वाजवत्यात. रॉक म्हणत्यात त्येला."

"मुद्दाम?"

"व्हय की. मशीनला पेलणार न्हाय इतका आवाज चढवायचा. मग त्यो असा चिरफाळतो."

प्रसेनजीत तिथंच उभा राहिला. कॅसेट कुणा गिऱ्हाइकाची, टेपमध्ये राहून गेलेली. गाणाऱ्याचा एक शब्द त्याला कळत नव्हता. पण ती गिटार! पत्र्यावर पत्रा घासावा तशी ती करवादत होती आणि त्या करवादण्यातच कुणीतरी जिवाच्या आकांतानं गात होतं. त्याच्या हातावर सरसरून काटा आला. बाजू संपली तसा तो म्हणाला, "ए, उलटून लाव की."

ते १९९६ साल होतं. प्रसेनजीत कांबळे शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामाला होता आणि लग्नसराईत, गणपतीत, जयंतीला पिराजीच्या बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जनरेटर, कर्णे, ताशे, आणि मधोमध स्टँडवर बेंजो ठेवून तो. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्यानं तारा छेडायच्या. प्रसेनजीतचा बेंजो वाजत नाही, गातो, असं लोक म्हणायचे.

पुढच्या जयंतीला मिरवणूक बिंदू चौकात आली. भीमगीताचं कडवं संपलं आणि त्यानं अँप्लिफायरचं बटण शेवटपर्यंत पिळलं. आवाज फाटला. त्या फाटक्या आवाजातच त्यानं तीच चाल वर वर नेली. नाचणारी पोरं थबकली. गॅलरीतल्या बायका वाकून बघू लागल्या. सगळा चौक नुसता ट्रॉलीकडं बघत राहिला.

पिराजीनं ट्रॉलीवर उडी मारून बटण खाली केलं. "येडा झालास काय? लोकास्नी वाटंल मशीन जळालं!"

"त्यांची तोंडं बघितलीस का पिराजी?"

"बघितली. नाचायची थांबली की ती!"

त्यानंतर त्यानं ते बटण कधी पिळलं नाही.

पुढं डॉल्बी आली. भिंतीएवढे बॉक्स रचले की झालं, वाजवणारं माणूसच लागेना. एका गणपतीत पार्टीला एकही सुपारी मिळाली नाही. पिराजीनं ट्रॉली वीटभट्टीवर लावली. प्रसेनजीतनं आपला बेंजो इचलकरंजीच्या एका भजनी मंडळाला देऊन टाकला. तेव्हापासून घरात त्याला रेडिओसुद्धा चालेना. बायको संघप्रिया दवाखान्यात नर्स होती. "मनातलं बोला तरी," ती म्हणायची. तो ताट पुढं ओढायचा.

लेक प्रीती इंजिनिअरिंगला गेली, त्या वर्षी तिनं कॉलेजच्या गॅदरिंगचे दोन पास आणले.

"मी जाणार हाय, तुम्ही बी चला," संघप्रिया म्हणाली. "लेकीनं बोलावलंय. गाणं नको आसंल तर कान झाकून बसा."

दोघं गेली. दुपार कलली होती. हॉल आधी भरलेला होता, पण बाहेर मैदानावर डीजे सुरू झाला तशी पोरं भराभरा उठून गेली. प्रीतीही मैत्रिणींबरोबर पळाली. खुर्च्या तेवढ्या राहिल्या. स्टेजवर चौघं होती. मधे एक काटकुळी मुलगी, गळ्यात गिटार. तिनं पायाजवळचा खटका दाबला आणि तारेवर हात मारला.

आवाज फाटला.

प्रसेनजीत उठून उभा राहिला. इतकी वर्षं जो आवाज त्याला एका कॅसेटपुरता आणि एका मिरवणुकीपुरता ठाऊक होता, तो आता समोर, एका जित्या पोरीच्या बोटांतून निघत होता. ती तार बोटानं रेटायची आणि सूर कण्हत, वाकत वर चढायचा. बेंजोला बटणं असतात. एका सुरावरून उचलून दुसऱ्यावर बोट ठेवायचं. मधल्या जागेत पाय टाकता येत नाही. ही पोरगी त्या मधल्या जागेतूनच चालत होती! खुर्चीची पाठ त्याच्या हाताखाली थरथरत होती. आपण रडतोय हे त्याला संघप्रियेनं पदर पुढं केला तेव्हा कळलं.

कार्यक्रम संपला. तो स्टेजपाशी गेला.

"कुठली गं बाळ तू?"

"हातकणंगल्याची. क्रांती माने."

"आणि घरात हे वाजीवतीस?"

"गोठ्यात," ती हसली. "म्हशीस्नी सवय झालीया."

तो तिच्या पायाजवळचा तो खटका निरखू लागला.

क्रांती वायर गुंडाळू लागली. "आजचा शेवटचाच कार्यक्रम आमचा, काका. ह्यो ड्रमवाला पुण्याला नोकरीला चाललाय, त्यो बंगळूरला. नवीन कोण शिकाय तयार न्हाय. पेपरातबी येतंय, रॉक संपलं म्हणून. खुर्च्या बघा की तुम्हीच."

प्रसेनजीतनं वळून खुर्च्यांकडं बघितलं. मग तिच्याकडं.

"संपलं आसंल," तो म्हणाला. "पर मला तर आज घावलंय, पोरी."

क्रांतीचा हात थांबला. बाहेरच्या डीजेनं खिडक्यांची तावदानं हलत होती. तिनं गुंडाळलेली वायर सोडली आणि पुन्हा गिटारला जोडली. ड्रमवाला झांजेचा स्क्रू काढत होता. त्यानं तो परत आवळला.

"बसा काका. काकू, तुम्हीबी बसा."

शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारातून आत आला. "झालं न्हवं? कुलूप लावायचंय."

गिटार सुरू झाली. शिपाई कपाळाला आठ्या घालून पुढं आला, पहिल्या रांगेत बसलेल्या त्या दोघांपाशी थांबला. थोडा वेळ तो नुसता ऐकत राहिला. मग किल्ल्या वाजू नयेत म्हणून त्या मुठीत गच्च धरून, मागची एक खुर्ची ओढून तोही बसला.