बाईंचं फडकं

"मान सरळ. डोळे पुसायचे असतील तर आत्ताच पुसून घ्या, मग हलायचं नाही," श्यामलाबाई म्हणाल्या.

समोरच्या खुर्चीत बसलेल्या अनंतरावांनी मुकाट्याने डोळे पुसले. एक्केचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोने नुकतंच त्यांना विचारलं होतं, "आपण कुठले?"

"सदाशिव पेठेतला."

"मग आमच्या यजमानांना ओळखत असाल."

"ओळखतो थोडंफार," अनंतराव म्हणाले होते.

आर्ट गॅलरीत आज कोळशाने चित्रं काढायचा दिवस होता. कुणीही यावं, समोर बसलेल्याचा चेहरा काढावा, दर अर्ध्या तासाने घंटा झाली की माणूस बदलावा. निम्मी मंडळी चित्रांपेक्षा काळ्या हातांचे फोटो काढण्यातच गुंग होती.

अनंतराव हौसेने आले नव्हते. उद्यापासून श्यामलाबाई कात्रजच्या एका वृद्धाश्रमात राहणार होत्या. गॅस दोनदा उघडा राहिला होता; तिसऱ्यांदा दैवाची परीक्षा बघायची अनंतरावांची छाती नव्हती. ती जायच्या आधी तिच्या हातचं एक चित्र घरात राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. तीस वर्षं तिने महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवली, पण नवऱ्याला कधी समोर बसवलं नाही. त्यांनीही कधी काढ म्हटलं नाही. तेव्हा वेळ नव्हता. आता वेळच वेळ होता, तर बाईच जागेवर नव्हत्या.

हात मात्र जागेवर होता. कोळसा कागदावर न अडखळता फिरत होता.

कार्यक्रमाची व्यवस्था बघणारी स्पृहा मागे येऊन थबकली. "काकू, सुपर! काका, मिशी सोडली तर डिट्टो तुम्ही. थांबा हं, मी स्प्रे घेऊन येते. तो मारला नाही तर कोळसा पुसला जातो."

मिशी? अनंतराव धडपडत उठून श्यामलाबाईंच्या मागे गेले. मिशी त्यांनी वीस वर्षांपूर्वी उतरवली होती. चित्रात ती होती, डावीकडे जरा तोकडी, अगदी होती तश्शी. त्यांना हुंदका आवरेना.

"श्यामला, ओळखलंस मला?"

तिने मान वर केली. तेवढ्यात घंटा झाली.

शाळेत कागद कधी पुरत नसे. तास संपल्याची घंटा झाली की बाई फडक्याने कोळसा झटकून टाकत आणि तोच कागद पुढच्या वर्गाला देत. तीस वर्षांची सवय. श्यामलाबाईंनी फडकं उचललं आणि कागदावर सपासप मारलं. अनंतरावांचा हात पुढे जाईपर्यंत कपाळ गेलं होतं, मिशी गेली होती.

स्पृहा स्प्रेची बाटली घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

करड्या पडलेल्या कागदाचे कोपरे बाईंनी नीट केले.

"हं, पुढचा कोण?"

"मी," अनंतराव म्हणाले, आणि परत खुर्चीत जाऊन मान सरळ करून बसले.